मानस

शुक्रवारी म्हापशाचा बाजार उठत आला
की माझ्या मशीनवर गर्दी होते.
मिरच्या, चोरिसांच्या माळा, खाऱ्या बांगड्यांची पुडकी
बाहेर बाकाखाली ठेवून
लोक आपापली डोकी आत आणतात.

पुतू गावडे, आगरवाडा, वय एकोणऐंशी.
पायलटच्या मागच्या सीटवरून पडले.
मांडीवरची मिठाची पिशवी फुटू दिली नाही
म्हणून कपाळ फुटलं.
टाके पाच. सीटीची चिठ्ठी.

मी काचेमागे. चकत्या एकेक खाली उतरतात.
रक्तस्राव नाही. हाड शाबूत.
मेंदू तेवढा कडांवरून जरासा आत सरलेला,
आणि त्यानं सोडलेल्या जागेत पाणी,
काळं, निवांत, कुणाचं काही न बिघडवणारं.
मधोमध, दोन अर्धांच्या फटीत
विळ्यासारखा पडदा.
पांढरा पडलेला.

वीस वर्षं हेच बघते आहे.
तरण्या डोक्यात हा पडदा असून नसल्यासारखा,
चाळिशीनंतर एखादा कण,
पुढे रेघ, पुढे कुणाकुणाचा चुन्याचा गिलावाच.
दुखत नाही. कळतही नाही.
बाहेरचं आवरण तर म्हातारपणी कवटीला असं बिलगतं
की सोडवताना सर्जनच्या तोंडी शिव्या येतात.
मातेर म्हणजे आई, डॉक्टर मस्कारेन्हस शिकवायचे,
बाहेरची कठोर, आतली मऊ, मधली कोळिष्टकाची.
एका डोक्याला तीन आया.
कृष्णाचं दोघींत भागलं होतं.

"फोटो दाखय गो बाये."
दाखवायचा नसतो. मी पडदा वळवला.
चष्मा खिशातच ठेवून ते वाकले,
दुसऱ्याच्या आगरात डोकावतात तसे.
"हो बांध कोणें घालो?"
आणि मग, अगदी हळू, "मीठ धरलां."

मी तोंडपाठ वाक्य म्हटलं,
वयोमानानं होतं, काळजीचं काही नाही.
ते त्यांनी ऐकलंही नसावं.
"उदक भायर खंयच्यान वता?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी टाळूजवळ बोट नेलं,
मोठ्या शिरेच्या काठाला दाण्याएवढे उंचवटे,
इथून पाणी रक्तात उतरतं.
वयाबरोबर तेही वाढतात,
हाडात आपल्यापुरती खळगी करून बसतात.

"मानस," ते म्हणाले.

आमच्याकडे खाजनाच्या बांधातल्या दाराला मानस म्हणतात.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, आपलं आपण.
मराठीच्या पुस्तकात मानस म्हणजे मन.
दोन्ही शब्द मी एकाच वर्षी शिकले असेन,
एक तासाला, एक मामाच्या मागे बांधावरून चालताना,
आणि शेजारी शेजारी कधी ठेवले नाहीत.

त्यांच्या आगराचं मानस तीन वर्षांमागे मोडलं.
फळ्या कुजल्या. मुलगा बोटीवर. समितीच्या बैठका होतात.
शापोऱ्याचं पाणी आत येतं, जात नाही,
म्हणून निम्म्या कोंडींत मीठच धरत नाही.
"शेतांत धरिना, माथ्यांत धरता!"
हसले, आणि टाके ओढले गेले तसे गप्प झाले.

मी टाईप केलं: वयानुरूप बदल.
याहून खरं आणि याहून अपुरं
मला आजवर काही लिहिता आलेलं नाही.

गेल्या साली अर्धशिशीसाठी
मी याच फळीवर निजले होते. बटणं रेनॉल्डकडे.
सेहेचाळिसाव्या वर्षी, पुढच्या बाजूला, एक कण.
तो मोठा करत गेले, करत गेले,
शेवटी नुसते चौकोन उरले.
घरी सांगितलं नाही.
सांगण्यासारखं होतं तरी काय.

जाताना ते रिपोर्टच्या जुन्या पाकिटात
मूठभर मीठ ठेवून गेले.
करडं, जाड, चिखलाचा रंग अजून न सुटलेलं.
काल रात्री पेजेत घातलं.
दाताखाली माती कचकचली.
थोडं जास्तच पडलं होतं.